शेठच्या तोंडामागचा रेडिएटर

घोडागाडीच्या मागे दोरखंडानं बांधलेली एटीव्ही माझ्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. घोडा फुरफुरत होता, एटीव्हीच्या पुढून वाफ निघत होती आणि हिराजी नाखवा चेहरा पाडून मधे उभा होता.

"परत?" मी विचारलं.

"परत," तो म्हणाला.

"कुठे बंद पडली?"

"सुरूच्या बनापाशी. भरती चढत होती, बाय. म्हटलं आता काय उतरवत बसू, तशीच ओढून आणली."

मी डब्याचं झाकण लावलं. महिनाभरात ही तिसरी खेप होती. दोन वेळा मी ती ठणठणीत करून पाठवली होती आणि दोन्ही वेळा ती किनाऱ्यावर जाऊन उकळली होती. लोक माझ्या तोंडावर काही बोलत नव्हते, पण नाक्यावर काय बोलतात ते मला कळत होतं. बाईच्या हातचं काम, दुसरं काय होणार! हे म्हणणाऱ्यांच्या स्कूटरी माझ्याच गॅरेजात रांगेनं उभ्या असत, हे वेगळं.

मी मूळची कराडची. लग्न होऊन समुद्राकाठी आले, नवरा बोटीवर, सासऱ्यांचं गॅरेज. सासरे गेले आणि पान्हे माझ्याकडे आले. गावानं मला स्वीकारलं वगैरे काही नाही, जवळपास दुसरं गॅरेज नव्हतं एवढंच. हिराजी मात्र पहिल्यापासून मला बाय म्हणायचा आणि गाडीचं काय बिघडलंय ते न शिकवता नुसतं सांगायचा. तेवढ्यासाठी तो मला बरा वाटे. पण त्याच्या कण्याबद्दल माझं मत चांगलं नव्हतं, आणि ते मी लपवतही नव्हते.

हिराजी आमच्या किनाऱ्यावरचा जीवरक्षक. जात्याच पाण्यातला माणूस, पन्नाशीला आलेला, गळ्यात शिट्टी. किनारा लांबलचक, आणि पार उत्तरेला जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला पाणी माणसाला खेचून नेतं. पाटी आहे, दोरी आहे, लाल झेंडा आहे, आणि शहरातून येणाऱ्या शहाण्यांना नेमकं तिथेच पोहायचं असतं. आदल्या वर्षी तिथे कॉलेजातला एक मुलगा बुडाला. हिराजी दक्षिण टोकाला होता. वाळूतून धावत गेला आणि पोचला तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस तो कुणाशी बोलला नाही.

मग जनार्दनशेठना दयेचा पाझर फुटला. जनार्दनशेठ म्हणजे आमची पंचायत, आमची पतपेढी आणि आमचा गणेशोत्सव. त्यांनी जीवरक्षकाला एटीव्ही भेट दिली. चार जाड चाकांची, वाळूत न रुतणारी. मंडप घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी रेडिएटरवर उडालं ते पुसायचं कुणाला सुचलं नाही. मुंग्या लागलेला रेडिएटर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो त्या गाडीचा.

पहिल्या खेपेला गाडी आली तेव्हा मी तो धुतला. खारं पाणी, वाळू, मुंग्या सगळं काढलं, आतलं कूलंट बदललं. दुसऱ्या खेपेला फॅनवर संशय घेतला. फ्यूज पाहिला, फॅन थेट बॅटरीला लावून फिरवला, रेडिएटरमधला स्विच नवा घातला. इंजिन तापलं की तो स्विच फॅन सुरू करतो. गॅरेजात गाडी चालू ठेवून मी चहा प्यायले. इंजिन तापलं, फॅन सुरू झाला, इंजिन निवलं, फॅन बंद पडला. शहाण्या मुलासारखी वागत होती. आणि किनाऱ्यावर गेली की पुन्हा वाफ.

पण त्या दोन्ही वेळा गाडी माझ्यासमोर उघड्या तोंडानं आली होती. आज प्रथमच ती थेट आली, तशीच, अंगावरच्या दागिन्यांसकट.

दागिना म्हणजे बोर्ड. पुढच्या गार्डला चारी बाजूंनी तारेनं आवळलेला, टेबलाएवढा सनबोर्ड. त्यावर जनार्दनशेठ हात जोडून हसत होते. खाली 'जीवरक्षक दलास सप्रेम भेट', आणि कडेनं रंगीत दिव्यांची पट्टी. दल म्हणजे एकटा हिराजी.

"हा बोर्ड याआधी का नव्हता?" मी विचारलं.

"होता की. इथं आणायच्या आधी मी काढून ठेवायचो."

"का?"

हिराजीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू देवळात चपला घालून का जायचं नाही असं मी विचारलंय. "इथं सगळं ऑइल, ग्रीस. शेठचा फोटो खाली ठेवायचा कसा? शेठच्या उल्हासनंच सांगितलेलं. गॅरेजला न्यायच्या आधी बोर्ड काढायचा, पंचायतीत खुर्चीवर ठेवायचा, गाडी आली का परत लावायचा."

मी हसले नाही. हसू आलंच नाही. मी खाली बसले आणि बोर्डाच्या मागे हात घातला. रेडिएटर आणि बोर्ड यांच्यात चार बोटांचंही अंतर नव्हतं. समोरून येणारा वारा शेठच्या छातीवर आपटून बाजूला जात होता. दिव्यांच्या पट्टीची वायर कुठे जाते ते बोटांनी चाचपत गेले, आणि फॅनच्या वायरपाशी पोचले. फॅनची पिन काढलेली होती. तिच्या जागी दिवे होते.

"ही पिन कुणी काढली?"

"ती दिव्याची पिन हाय. बोर्ड काढला का ही दुसरी पिन तिथं परत लावायची, असं उल्हासनं दाखवलंय. मी लावायचो."

"ही दुसरी पिन फॅनची आहे, हिराजी."

तो वाकून त्या पिनेकडे बघत राहिला.

"म्हणजे माझ्याकडे येताना तुम्ही फॅन जोडून आणायचात आणि परत नेलीत की काढायचात."

"मना काय ठावं, बाय," तो अगदी हळू म्हणाला. "आधी दिवे कधीमधीच लागायचे. गाडी लय पळवली का लागायचे. लोकांना मजा वाटायची. मग उल्हासनं मंडपवाल्याकडनं वायर जोडून कायमचे करून घेतले."

आता मात्र मला हसू फुटलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. इंजिन तापलं की स्विच चालू व्हायचा, आणि फॅनऐवजी शेठ उजळायचे. गाडी होरपळत होती आणि अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. मग या उल्हासनं, शेठच्या सावलीनं, स्विचच बाजूला टाकून शेठना कायमचं पेटतं ठेवलं. इंजिन तापल्याचं सांगणाऱ्या, डॅशबोर्डवरच्या तांबड्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. तीही त्याचीच. दिवा सारखा लागतो, बरं दिसत नाही म्हणून.

"उद्या रविवार," हिराजी म्हणाला. "दिवाळीची सुट्टी. उद्या लोक येनार, बाय, मुंग्यांवानी येनार. आणि ओहोटी नेमकी दुपारची." एवढं बोलून तो खाडीच्या दिशेला बघत राहिला. पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती.

मी तारा कापल्या, बोर्ड काढला आणि टायरच्या ढिगावर टाकला. हिराजी धावला, गळ्यातल्या टॉवेलनं शेठचा चेहरा पुसला आणि बोर्ड उचलून माझ्या स्टुलावर नीट टेकवून ठेवला. मला त्या क्षणी त्याची मनापासून किळस आली.

फॅन जोडला, स्विच जागेवर आणला, रेडिएटर भरला. संध्याकाळी गाडी घ्यायला उल्हास आला, आणि त्याच्या मागोमाग खुद्द शेठ. पांढरे कपडे, कपाळावर गंध, कुणाच्या तरी वास्तुशांतीहून आलेले.

"काय वहिनी, आमच्या गाडीला कसला ताप आलाय?"

"तुमचा," मी म्हटलं.

उल्हास म्हणाला, "नीट बोला." शेठनी त्याला हातानं थांबवलं. शेठ कधी चिडत नसत. चिडण्यासाठी त्यांनी उल्हास ठेवला होता.

मी सगळं सांगितलं. फॅनची पिन, दिवे, बोर्ड. शेठ मान डोलवत ऐकत होते, म्हणजे मोबाइल पाहत होते.

"बरं, मग फॅन चालू ठेवा, दिवे दुसरीकडून जोडा. झालं ना?"

"नाही झालं. फॅन हवा मागे ओढतो. पुढे बोर्ड असला तर ओढणार काय?"

"मग जरा बाजूला सरकवा."

"बाजूला चाकं आहेत."

"मागे लावू शेठ," उल्हासनं सुचवलं.

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. "मागे? म्हणजे गाडी निघून गेल्यावर मी दिसणार?"

उल्हासनं जीभ चावली.

"छिद्रं पाडा की बोर्डाला," शेठ म्हणाले. "जाळीसारखी. तुम्ही हुशार आहात."

"पाडते. पण रेडिएटर नेमका तुमच्या तोंडामागे येतो."

 हिराजी जमिनीकडे बघत होता. मी बोर्ड उचलून गाडीपुढे धरला आणि उल्हासला इंजिन चालू करायला सांगितलं. फॅन घरघरत होता. काळी चिकटपट्टी मी ओढून काढली होती, आणि थोड्या वेळात तांबडा दिवा लागला. मी बोर्ड बाजूला घेतला. दिवा विझला. पुन्हा धरला, पुन्हा लागला. पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं.

शेठनाही कळलं. ते मूर्ख नव्हते, आणि तेच मला जास्त झोंबलं.

"हे बघा वहिनी, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "सोमवारी काहीतरी कायमचं करू. पण उद्या पर्यटनाची मंडळी येणारेत, दुपारी मी किनाऱ्यावर जाणार, फोटो होणार. उद्याचा एक दिवस बोर्ड राहू दे. हिराजी काय, सावकाश चालवील. काय हिराजी?"

"व्हय शेठ," हिराजी म्हणाला.

"जीव वाचवायला सावकाश जायचं?" मी विचारलं.

शेठ हसले. अगदी बोर्डावरच्यासारखे. "रोज थोडंच कुणी बुडतं!"

ते निघून गेले. उल्हासनं माझ्यादेखत नव्या तारेनं बोर्ड आवळून बसवला आणि दिव्यांची वायर बॅटरीला जोडली. जाताना म्हणाला, "गाळा पंचायतीचा आहे, वहिनी. विसरू नका." मी त्याला तोंडानं उत्तर दिलं नाही, नुसती फरशीवर पिचकन थुंकले. ते मला शोभलं नाही, असं नंतर शेजारणीनं सांगितलं.

रविवारी सकाळी शटर उघडते तोच हिराजी गाडी घेऊन दारात. अंगात जीवरक्षकाचा पिवळा टीशर्ट, शिट्टी, पायांत काही नाही.

"बाय, काय तरी कर," तो म्हणाला.

"मी करून दिलं होतं. तुम्ही व्हय शेठ म्हणालात."

"माझं सोड. गाडीचं कर."

तिथे माझा तोल गेला. काल रात्रभर मनात घोळलेलं सगळं मी त्याच्या अंगावर ओतलं. "तुमचं कसं सोडू? तुम्ही एक तार कापली असतीत तर हे सगळं झालंच नसतं. चार तारा आहेत हिराजी, चार! पक्कड देते हातात, कापा. पण तुम्ही कापणार नाही. तुम्ही टॉवेलनं त्याचं तोंड पुसणार. मागच्या वर्षी तुमच्या पहाऱ्यावर पोरगा गेला, आणि उद्या आणखी एक गेला तरी तुम्ही व्हय शेठच म्हणणार. लाज नाही वाटत?"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मधे शिट्टी हातात घेतली आणि सोडली.

"वाटतं," तो म्हणाला. "पण आयक. पंचायत दर वर्षी माझ्या कामाचा नवा कागद करतं. उल्हासचा भाचा हाय, कधीपासनं मागं लागलाय या कामाला. मी बोर्ड काढला, तर उद्या माझ्या जागी तो. त्याला पवता येत नाय, बाय. कमरेएवढ्या पान्यात घाबरतं ते पोर. तो शिट्टी वाजवीत उभा राहील नि माणसं बुडतील." मग जरा थांबून म्हणाला, "म्हनून पुसतो तोंड."

  इतके दिवस ज्याला मी लाचारी समजत होते ती त्याची पहाऱ्यावर टिकून राहायची रीत होती, आणि मला ती कळली नव्हती. मला राग आला, पण आता तो बरोबर पत्त्यावर गेला.

"उतरा खाली," मी म्हटलं.

मी टेबलावरचा कटर घेतला. रेडिएटरच्या बाहेरच्या कडेनं बोर्डाच्या मागून हात फिरवून अंदाज घेतला, पुढून खडूनं गोल काढला आणि सनबोर्ड कापायला लागले. तो थर्माकोलसारखा करकरत कापला गेला.

"बाय! काय करतंस!" हिराजी ओरडला.

"तुम्ही चहा प्यायला गेला होतात. तुम्हाला काही माहीत नाही. वहिनीनं कापलं. कराडची आहे, डोकं फिरलेली आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. समजलं?"

ताटाएवढा तुकडा निघून हातात आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळे शेठ माझ्या हातात होते. बोर्डावर उरले दोन कान, जोडलेले हात आणि खाली 'सप्रेम भेट'. मधल्या भोकातून रेडिएटर आणि त्यामागे फॅनची पाती स्वच्छ दिसत होती. दिव्यांची वायरही मी उपटली. इंजिन चालू करून आम्ही दोघं तांबड्या दिव्याकडे बघत राहिलो. फॅन सुरू झाला. बंद झाला. पुन्हा सुरू झाला. दिवा काही लागला नाही.

हिराजी गाडीवर बसला. जाताना त्यानं एकदा त्या भोकाकडे पाहिलं आणि त्याच्या गालात काहीतरी हललं.

दुपारी उल्हास मोटारसायकलवरून गॅरेजात घुसला. कुणीतरी त्याला मोबाइलवर बोर्डाचा फोटो पाठवला होता. तो काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. शेठ निघालेत, पर्यटनाची मंडळी सोबत आहेत, आणि आता तुम्हीच चला, आपल्या हातानं बोर्ड काढा आणि शेठची माफी मागा, असा त्याचा एकंदर सूर होता.

"काढायचाच होता तर काल का नाही काढलात?" मी म्हटलं आणि त्याच्या मागे बसले. मला गाडी कशी चालतेय ते पाहायचंच होतं.

किनाऱ्यावर जत्रा होती. आम्ही सुरूच्या बनातून वाळूवर उतरतो न उतरतो तोच दक्षिणेकडून ती एटीव्ही सुसाट आली. हिराजी तिच्यावर उभा होता, तोंडात शिट्टी, लोक दोन्हीकडे फाकत होते. आमच्या पुढून ती खाडीकडे गेली. मी आयुष्यात कुठल्या देवाला इतक्या कळकळीनं विनवलं नसेल, तितकं त्या इंजिनाला विनवलं. थांबू नकोस बाई, थांबू नकोस. उल्हासनंही मोटारसायकल तिच्यामागे दामटली. ती वाळूत रुतली आणि आम्ही पळत सुटलो.

पोचलो तेव्हा हिराजी पाण्याबाहेर येत होता. त्याच्या खांद्यावर एक भरदार माणूस होता, अर्धी चड्डी, हातात अजून घड्याळ. वाळूवर पालथा घालून हिराजीनं त्याच्या पाठीवर थापा मारल्या, तसं तो ओकला, खोकला, आणि रडायला लागला. त्याची बायको शेजारी गुडघ्यांवर कोसळली होती. तीच मघाशी पाण्यात कमरेपर्यंत शिरून ओरडत होती म्हणे. भोवती ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

एटीव्ही पाण्याच्या रेषेवर तशीच चालू उभी होती.

बाई उठली. तिनं हिराजीचे पाय धरायचा प्रयत्न केला, तो मागे सरला. मग तिचं लक्ष गाडीकडे गेलं. ओल्या पदरानं डोळे पुसत ती बोर्डावरची अक्षरं वाचू लागली आणि तिला वाटलं की आभार मानायला आणखी कुणीतरी आहे.

"काका, ही गाडी तुम्हाला कुणी दिली हो? हे कोण आहेत?"

उल्हास पुढे झाला. तोंड उघडलंही त्यानं. पण बाईनं हिराजीला विचारलं होतं आणि मोबाइल हिराजीकडे वळलेले होते.

हिराजीनं टॉवेलनं तोंड पुसलं. स्वतःचं. बोर्डाकडे नीट, सावकाश पाहिलं. कान पाहिले, जोडलेले हात पाहिले, मधला फिरणारा फॅन पाहिला.

"काय माहीत, बाय," तो म्हणाला. "मी कदी बघितलं नाय त्यांना इथं."

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला आणि दुसऱ्या दिवशी जिल्हाभर. शेठना हिराजीचा सत्कार करावा लागला, शाल, श्रीफळ आणि पुढच्या वर्षाचा कागदही. आता त्याला काढणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. म्हणून मग त्यांनी मला काढलं. गाळ्याची नोटीस आली, मी पान्हे आवरले आणि हायवेला जागा घेतली. हिराजीच्या गाडीचं काम अजून माझ्याकडेच येतं. एवढ्या लांब तो ती स्वतः चालवत आणतो, वाटेत कुठेही न थांबता.